पोरगं कॉलेजात टाकलं. आंबवणी कोण देणार?

कांद्याची लागण ज्याने स्वतःच्या हाताने केली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. वाफ्यात रोप कितीही जोमदार दिसो, ते उपटून दुसऱ्या रानात लावले की दोन दिवस माना टाकतेच. त्यात रोपाचा दोष नसतो. जुनी माती सुटलेली असते आणि नवी अजून धरलेली नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे हलके पाणी बसले की मुळी माती धरते आणि रोप उभे राहते. आंबवणी चुकली की नांग्या पडतात. मग आपण बियाण्याला नावे ठेवतो, दुकानदाराला शिव्या देतो. पाणी द्यायचे आपणच विसरलो, हे मात्र कोणी बोलत नाही.

बारावी झालेल्या पोराचे असेच असते. गावच्या शाळेत पहिला-दुसरा आलेला मुलगा शहरातल्या कॉलेजात जातो, तेव्हा तोही उपटलेले रोपच असतो. आपण फीचे पैसे जमवतो, पेटी-वळकटी बांधून देतो, एस. टी.त बसवून देतो आणि म्हणतो, ‘झालं बाबा एकदाचं, पोरगं कॉलेजात टाकलं.’ पण टाकलेले पोर तिथे रुजले का, हे कोण बघणार?

एक ओळखीची गोष्ट

मी जिल्ह्याच्या ठिकाणी कॉलेजला गेलो तेव्हा माझ्याच आळीतला एक मित्र बरोबर होता. गणितात तो माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. कॉलेज कोणते ते सांगण्यात आता अर्थ नाही. तेव्हा सगळीकडे तीच तऱ्हा होती. पहिल्या दिवशी आम्हाला कोणी काही सांगितले नाही. वेळापत्रक नोटीस बोर्डावर होते आणि तेही इंग्रजीत. मित्र दोन दिवस चुकीच्या वर्गात बसला. तिसऱ्या दिवशी सरांनी हजेरी घेताना विचारले, ‘तू कोण?’ सगळा वर्ग हसला. तो उठला तो परत त्या वर्गात गेलाच नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठे मिळतो हे कळेपर्यंत मुदत संपून गेली. मेसचे पैसे आगाऊ भरावे लागतात, हेही घरून निघताना कोणाला ठाऊक नव्हते. तिसऱ्या आठवड्यात तो वळकटी घेऊन घरी आला.

त्याचे वडील पारावर बसून म्हणाले, ‘शिक्षण आमच्या नशिबातच न्हाय.’ गावानेही माना डोलावल्या. तो नापास झाला नव्हता, एक परीक्षासुद्धा त्याने दिली नव्हती. त्याला कोणी हात धरून आत नेले नव्हते, एवढेच खरे कारण होते.

हे आठवायला निमित्त असे की, जगातल्या काही विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्याला रुळवण्याचे काम खाते उघडल्यासारखे पद्धतशीर चालते. शिकवणी सुरू होण्याआधी काही दिवस नव्या मुलांना बोलावून घेतात, सगळे दाखवतात, ओळखी करून देतात. त्याला ‘ओरिएंटेशन’ म्हणतात. हे आज पुष्कळ विद्यापीठे करतात; पण जेझुइट संस्थांनी त्याच्या मागे जो विचार ठेवला आहे, तो आपल्या कामाचा आहे.

हे जेझुइट कोण?

जेझुइट म्हणजे ‘येशूसंघ’ या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाचे लोक. आपल्याला ते अगदीच परके नाहीत. नगर भागातल्या शेतकऱ्यांना फादर हर्मन बाखर ठाऊक आहेत. पाणलोटाच्या कामासाठी त्यांनी ओसाड टेकड्या पायाखाली घातल्या. ते मूळचे स्वित्झर्लंडचे आणि याच संघाचे. सोळाव्या शतकात गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज गृहस्थही याच संघाचे. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध मराठी काव्य १६१६ साली छापले गेले. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली काढले तेही यांनीच. कोलकात्याचे सेंट झेवियर्स त्याहून जुने, १८६० चे. भुवनेश्वरला त्यांचे व्यवस्थापनाचे विद्यापीठ आहे आणि तिथे ग्रामीण व्यवस्थापनही शिकवतात. एकट्या अमेरिकेत त्यांची २७ कॉलेजे आणि विद्यापीठे आहेत.

पण या सगळ्याची सुरुवात कुठल्या राजवाड्यात किंवा देवळात झाली नाही. ती झाली पॅरिसमधल्या एका वसतिगृहाच्या खोलीत. ती हकीकत शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे.

वसतिगृहातली खोली

स्पेनमध्ये इग्नेशियस लोयोला नावाचा एक सरदार घराण्यातला शिपाईगडी होता. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. तो कायमचा लंगडा झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचे मन पालटले आणि आपण शिकले पाहिजे असे त्याने ठरवले. वय तिशी ओलांडलेले. बार्सिलोनात तो लहान पोरांच्या शेजारी बसून लॅटिनचे धडे गिरवू लागला.

१५२८ साली तो पायी पायी पॅरिसला पोहोचला. भाषा परकी, गाव परके. जवळचे पैसे त्याने राहत्या जागेतल्या एका सोबत्याकडे ठेवायला दिले. सोबत्याने ते उडवून टाकले! मग राहायला पैसे नाहीत म्हणून तो गोरगरिबांच्या धर्मशाळेत गेला. ती कॉलेजपासून लांब. सकाळी तिचे दार उघडेपर्यंत तास सुरू झालेला असायचा आणि संध्याकाळी दार बंद व्हायच्या आत परतावे लागायचे. आपल्या पोरांची पहिली एस. टी. उशिरा येते आणि शेवटची लवकर सुटते, त्यातलाच हा प्रकार. पुढे तो दरवर्षी सुटीत फ्लँडर्सकडे जाऊन तिथल्या स्पॅनिश व्यापाऱ्यांकडे भिक्षा मागायचा आणि त्या पैशावर वर्ष काढायचा.

१५२९ साली त्याला सेंट बार्ब कॉलेजात जागा मिळाली. खोलीत आधीच दोन तरुण होते. दोघांचाही जन्म १५०६ सालचा. एक फ्रान्सिस झेवियर, नावारेच्या गढीतला खानदानी मुलगा. दुसरा पीटर फेबर, सव्हॉयच्या डोंगराळ भागातला शेतकऱ्याचा पोर. हा फेबर लहानपणी मेंढरे राखायचा. शाळेत जायचे म्हणून त्याने घरी इतकी रड केली की शेवटी आईबापांनी त्याला शाळेत घातले.

आता बघा, या खोलीत कोण कोणाला शिकवत होते? मेंढरे राखलेला फेबर हा वयाने पंधरा वर्षांनी मोठ्या इग्नेशियसचा अभ्यास घेत होता. इग्नेशियस त्याला मनाच्या अडचणीत सल्ला देत होता. झेवियर सुरुवातीला फटकून वागायचा, पुढे तोही यांच्यात मिळाला. या तिघांपासून आणि आणखी काही सोबत्यांपासून १५४० साली येशूसंघ उभा राहिला. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. त्याचे शव आजही जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये आहे आणि आपल्याकडचे पुष्कळ लोक ते पाहून आलेले आहेत. फेबरला २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी संत म्हणून जाहीर केले. ते पोपही याच संघाचे होते.

ज्यांच्या मूळपुरुषाने उपाशी, उशिरा आणि परक्या भाषेत शिकण्याचे हाल स्वतः काढले, त्यांनी पुढे शाळा-कॉलेजे काढताना नव्या मुलाचा विचार आधी केला, यात नवल नाही. सिसिलीतल्या मेसिना गावी १५४८ साली त्यांचे बाहेरच्या मुलांसाठीचे पहिले कॉलेज सुरू झाले. १५९९ साली त्यांनी शिकवण्याची रीत नियमांत बांधली. ‘क्युरा पर्सोनालिस’ असा त्यांच्यात एक लॅटिन शब्द आहे. साध्या मराठीत सांगायचे तर, मुलाचा हजेरी नंबर ओळखू नका, मूल ओळखा.

त्या पहिल्या दिवसांत होते काय?

अमेरिकेत कॉलेजचे वर्ष ऑगस्टच्या शेवटाला सुरू होते. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. हे त्या देशातले सर्वांत जुने जेझुइट विद्यापीठ, १७८९ चे. तास सुरू होण्याआधी नवी मुले येऊन दाखल होतात. त्यांना उतरवून घेण्यापासून पुढचे दिवस सांभाळण्यापर्यंत बरेच काम वरच्या वर्गातली मुले करतात. त्यासाठी त्यांची आधी तयारी करून घेतलेली असते. पाच-दहा नव्या मुलांमागे एखादा जुना विद्यार्थी असला की नव्या मुलाला निदान एक नाव आणि एक तोंड ओळखीचे होते. आपल्याकडे ‘सीनियर’ म्हटले की पोराच्या पोटात गोळा येतो. तिथे सीनियरलाच पाहुण्यांची उस्तवार करायला उभे केलेले असते.

मग इमारती दाखवतात. ग्रंथालयातून पुस्तक कसे काढायचे, दवाखाना कुठे, रात्री-बेरात्री अडचण आली तर फोन कोणाला करायचा, पैशाची मदत मागायची तर कोणत्या खिडकीवर जायचे, विषय निवडताना कोणत्या प्राध्यापकाचा सल्ला घ्यायचा, हे सांगतात. एका खोलीत राहणाऱ्यांनी आपसात कसे निभावून न्यायचे, यावरही बोलणे होते. आईवडिलांसाठी वेगळ्या बैठका असतात. त्यांनाही समजावतात की, पोर पहिले काही आठवडे रडेल, घरी यायचे म्हणेल, तेव्हा घाबरू नका आणि लगेच गाडी काढून न्यायलाही येऊ नका.

आणखी एक गोष्ट या संस्थांत सुरुवातीपासून कानावर घालतात. ती म्हणजे, हे शिक्षण तुझ्या एकट्याच्या पोटासाठी नाही. या संघाचे एक प्रमुख फादर पेद्रो आरुपे १९४५ साली हिरोशिमात होते. अणुबाँब पडल्यावर त्यांनी आपल्या जागेतच जखमींचा दवाखाना मांडला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी घेतलेले होते. याच आरुपे यांनी १९७३ साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात आपल्याच शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. दुसऱ्यांसाठी जगणारी माणसे घडवणे हे आपले काम आहे, असा त्याचा मथितार्थ होता. ते बोलणे माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना फार झोंबले. आज मात्र बहुतेक जेझुइट विद्यापीठांत नव्या मुलाला हा विचार पहिल्याच दिवसांत सांगतात. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्येही पदवीच्या मुलांना अभ्यासाबरोबर ठराविक तास समाजाचे काम करावे लागते.

गरिबाच्या पोरांसाठी जादा आंबवणी

या विद्यापीठांची फी ऐकली तर आपले डोळे पांढरे होतील. तिथेही ती सगळ्यांना परवडत नाही. घरात आजवर कोणी कॉलेज पाहिले नाही अशी मुले तिथेही असतात आणि मध्येच गळण्याची भीती त्यांच्याच बाबतीत जास्त. म्हणून त्यांच्यासाठी आणखी आधीपासून तयारी करतात.

जॉर्जटाउनमध्ये १९६८ पासून एक योजना आहे. तिच्यातली मुले उन्हाळ्यातच, म्हणजे बाकीच्यांच्या काही आठवडे आधी, विद्यापीठात राहायला येतात आणि कॉलेजच्या रीतीने अभ्यास करून पाहतात. बाकीची मुले येईपर्यंत ती जुनीजाणती झालेली असतात.

शिकागोच्या लोयोला विद्यापीठाने २०१५ साली आरुपे यांच्याच नावाने दोन वर्षांचे कॉलेज काढले, खास कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी. त्यांनी मुलांना संगणक दिला आणि सकाळची न्याहारी व दुपारचे जेवणही दिले. डोक्यावर कर्ज न होता मूल बाहेर पडावे, असे धोरण ठेवले. उपाशी पोराच्या डोक्यात अक्षर शिरत नाही, हे आपल्या अंगणवाडीताईला आणि शाळेच्या खिचडीवालीला कधीपासून ठाऊक आहे. विद्यापीठाला ते कळले, ही त्यातली गंमत.

बोस्टन कॉलेज या जेझुइट विद्यापीठाने जुलै २०२४ मध्ये असेच आणखी एक दोन वर्षांचे कॉलेज सुरू केले. पहिल्या तुकडीत सुमारे शंभर मुले, सगळी आपापल्या घरातली पहिलीच कॉलेजात जाणारी. राहण्याची सोय तिथेच. आणि नाव काय ठेवले? ‘मेसिना’. १५४८ सालच्या त्या पहिल्या कॉलेजचे.

काळे पानही आहे

आता कोणी म्हणेल, गोऱ्या फादरांचे इतके गोडवे कशाला? बरोबर आहे. या संस्था काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. मेरीलँड प्रांतात जेझुइटांची तंबाखूची मोठी शेती होती आणि ती गुलाम माणसांच्या कष्टावर चालत असे. १८३८ साली त्यांनी बायका-पोरांसह २७२ माणसे दक्षिणेत लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकायचा सौदा केला. त्या पैशातला काही भाग जॉर्जटाउनचे कर्ज फेडण्याकडे गेला. ‘मूल ओळखा’ म्हणणाऱ्यांनी शेतमजुराला माणूस म्हणून ओळखले नाही, हा इतिहास आहे.

हे पुष्कळ वर्षे दडपून राहिले. २०१७ साली विद्यापीठाने आणि संघाने त्या माणसांच्या वंशजांसमोर जाहीर माफी मागितली. एका इमारतीला आयझॅक हॉकिन्स या विकल्या गेलेल्या माणसाचे नाव दिले. त्या सौद्याच्या कागदावर पहिले नाव त्याचेच होते. आज तिथे शिकायला येणारे मूल त्या नावाच्या इमारतीसमोरून जाते. चूक झाली ती पाटीवर लिहून ठेवायलाही धाडस लागते. आपल्या किती संस्थांत ते आहे?

दुसरी शंका धर्माची. पालक विचारतात, ‘मिशनऱ्यांच्या कॉलेजात घातलं तर पोरगं बाटणार तर नाही?’ वर्षाच्या सुरुवातीला या विद्यापीठांत त्यांच्या पद्धतीची प्रार्थना होते, हे खरे. पण सगळ्या धर्मांची मुले तिथे आपापल्या धर्मात राहून शिकतात. जॉर्जटाउनने १९९९ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी इमाम नेमले, तर २०१६ साली हिंदू व इतर भारतीय धर्मांच्या मुलांसाठी एक हिंदू आचार्य नेमले. मुंबईच्या झेवियर्समध्येही पिढ्यान्‌पिढ्या सर्व धर्मांची मुले शिकून बाहेर पडली आहेत.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे काहीच नाही असेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची आणि ओळखीची मार्गदर्शिका काढली. काही कॉलेजे तिच्याप्रमाणे मनापासून काम करतात. काही ठिकाणी मात्र हार-तुरे, दोन भाषणे, एक फोटो, की झाला दीक्षारंभ!

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९९९ पासून आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. आयोगाचे नियम २००९ चे. त्यांच्याप्रमाणे विद्यार्थी आणि पालक दोघांनी हमीपत्र द्यायचे असते. ती नुसती सहीची जागा समजू नका, वाचून सही करा. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा देशभराचा नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत. हा नंबर पोराच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

तेव्हा कायदा आहे, कागद आहे. कॉलेजच्या बाजूचे काम कॉलेजने करायचे. पण रोप लावणाऱ्याची जशी जबाबदारी असते, तशी वाफ्यातून ते काढणाऱ्याचीही असते. मुळ्या तोडून ओरबाडून काढलेले रोप कितीही पाणी दिले तरी लागत नाही. आपण पोराला गावातून कसे काढून देतो, ते पाहायला हवे.

गावाने काय करावे?

एक. दाखल्यांची वाट निकालापर्यंत बघू नका. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागत असेल तिथे नॉन क्रिमीलेअर आणि जात पडताळणी, वय-अधिवास, हे सगळे आधीच करायला घ्या. निकाल लागल्यावर सेतू केंद्रात जी रांग लागते, तिच्यात पोराचे पहिले महत्त्वाचे दिवस जातात. तलाठ्याच्या पदाला आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचे ठरले आहे. पण गावाच्या तोंडी ते भाऊसाहेबच. तर भाऊसाहेब, बारावीच्या मुलांचे कागद तेवढे तुमच्या टेबलावर वरच्या बाजूला ठेवा. तुमच्यासाठी ती एक सही आहे, त्या घरासाठी ते एक वर्ष आहे.

दोन. मुलाचे बँक खाते आधारला जोडलेले आहे का, ते आताच पाहा. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खात्याच्या घोळात पैसे अडकले, अशी रड गावोगाव ऐकू येते. महाडीबीटीवर फॉर्म भरल्यावर त्याची प्रत घरी ठेवा. वसतिगृहाची आणि निर्वाह भत्त्याची योजना आपल्याला लागू आहे का, हे समाजकल्याणच्या ऑफिसात एकदा समक्ष जाऊन विचारा.

तीन. १ मेच्या ग्रामसभेत घरकुल आणि गटारीचे विषय होतातच. त्यांच्या जोडीला एक विषय घ्या : यंदा गावातून कॉलेजला कोण कोण जाणार? यादी करा. गावातली जी मुलेमुली आधीच शहरात शिकत आहेत, त्यांना सुटीत बोलवा आणि या यादीतल्या पोरांबरोबर शाळेच्या वर्गात एक दुपार बसवा. मास्तरांनी आणि सरपंचांनी बाहेर थांबावे, म्हणजे पोरे मोकळेपणाने बोलतील. खोली कुठे मिळते, मेस कोणती बरी, इंग्रजी समजत नाही तेव्हा काय करायचे, हे पोरांना पोरांकडूनच कळते. जेझुइट लोक जे ओरिएंटेशन करतात, त्याचा अर्धा भाग इथे फुकटात होतो. खर्च चहाचा.

चार. पहिल्या दिवशी घरातले कोणीतरी बरोबर जा. ‘आपल्याला काय कळतंय तिथं,’ म्हणून मागे राहू नका. कळायला काही लागत नाही. वर्ग पाहा, वसतिगृहाचे रेक्टर कोण ते पाहा, वर्गाच्या एका शिक्षकाला नाव सांगून नमस्कार करा आणि फोन नंबर घ्या. ‘सर, लेकराकडं लक्ष असू द्या,’ एवढे म्हटले तरी त्या शिक्षकाच्या लेखी ते पोर नंबर राहत नाही, कोणाचा तरी मुलगा होतो. मुलीच्या बाबतीत तर आईने जाऊन खोली डोळ्यांनी पाहावी.

पाच. हे थोडे अवघड आहे. कॉलेज सुरू होते तेव्हाच आपल्याकडे पेरणी, खुरपणी, लावणी अशी कामे निघतात. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग फोन जातो, ‘चार दिवस ये रे, काम उरकून जा.’ ते चार दिवस नेमके ओळखीचे असतात. वर्गात जागा तेव्हाच ठरतात, मैत्र्या तेव्हाच जमतात, फॉर्मच्या तारखा तेव्हाच सांगतात. पोर परत जाते तेव्हा सगळ्यांचे गट पडलेले असतात आणि ते एकटे पडते. घरची ओढाताण मला दिसत नाही असे नाही. पण पहिला महिना तेवढा पोराला बोलावू नका. इरजिक करा, भावकीत सावड करा, काहीही करा. आंबवणी द्यायच्या दिवशी रोप पुन्हा उपटून घरी आणू नका.

सहा. फोनवर ‘अभ्यास कसा चाललाय’ एवढेच विचारू नका. ‘जेवलास का? कोणी मित्र झाला का? काही अडलंय का?’ असे विचारा. पोर ‘सगळं बरं आहे’ म्हणाले आणि आवाज बरा नसला, तर रविवारी भाकरी बांधून जाऊन या.

मित्राची लेक

तो माझा गणितातला मित्र आज गावातच शेती करतो. चांगली करतो. कांद्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही. गेल्या वर्षी त्याची लेक बारावी झाली. तिला प्रवेश मिळाला त्याच जिल्ह्याच्या गावी. पहिल्या दिवशी तो तिच्याबरोबर गेला. परत आल्यावर मी विचारले, ‘काय केलंस रे दिवसभर?’

म्हणाला, ‘काय न्हाय. नोटीस बोर्ड शोधला. तिला तिथं उभी केली, म्हटलं, वाच. तिनं वाचून दाखवलं. मग तिचा वर्ग शोधला. एक मॅडम भेटल्या, त्यांना नाव सांगितलं. एवढंच.’

थोडा वेळ गप्प बसून पुन्हा म्हणाला, ‘एवढंच कोणी माझ्यासाठी केलं असतं तर...’ आणि मोटार चालू करायला उठून गेला.

त्याच्या लेकीचे पहिले वर्ष आता पार पडले आहे. यंदा गावातून कॉलेजला जाणाऱ्या पोरांच्या बैठकीत तिला बोलवायचे आम्ही ठरवले आहे. तुमच्या गावातही अशी एखादी लेक असेलच. सरपंच, भाऊसाहेब, गुरुजी, तिला निरोप पाठवा.